शेकाट्याची मान : नेरूळ, नाकुरू, पालो आल्टो आणि सिडनी

नवी मुंबईत हिवाळा लागला की छायाचित्रकारांचे कॅमेरे रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांकडे वळतात, आणि ते साहजिकच आहे. परंतु नेरूळजवळ टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या परिसरातील पाणथळीत, त्याच उथळ पाण्यात गुलाबी, काटकुळ्या पायांवर उभ्या असलेल्या शेकाट्या या पाणपक्ष्याने मला अधिक गुंतवून ठेवले आहे. अंटार्क्टिका वगळता प्रत्येक खंडावर तो किंवा त्याचे सख्खे भाऊबंद आढळतात. दुरून ते सारे इतके सारखे दिसतात की, परदेशी गेल्यावर प्रथम त्यांनाच शोधायचे, असा माझा प्रघात पडला आहे.

ओहोटीला ठाणे खाडीतील चिखल उघडा पडतो, तेव्हा चिखलात चरणारे पक्षी दूरवर पांगलेले असतात. भरती चढू लागली की त्यांतील कित्येक या आतल्या पाणथळींत विसाव्याला येतात. म्हणून मी तिथी पाहून घराबाहेर पडतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आजही उपयोगी पडतो : दशमीला भरती साडेसातच्या सुमारास, म्हणजे पाणी आणि कोवळे ऊन दोन्ही एकाच वेळी. शेकाट्याची पाठ काळीभोर आणि पोट पांढरेशुभ्र असल्यामुळे त्या उन्हातही एक्स्पोजर थोडे कमी ठेवावे लागते, नाहीतर छातीवरच्या पिसांचा पोत पार हरवतो.

केनियातील नाकुरू सरोवरावर मी गेलो तो अर्थातच रोहितांसाठी. तेथील धाकटा आणि थोरला हे दोन्ही रोहित ठाणे खाडीत येणाऱ्याच जातींचे आहेत, आणि तेथील शेकाट्याही आपलाच. मध्ये अख्खा अरबी समुद्र असूनही जात बदलत नाही, हे प्रत्यक्ष पाहताना मला फार आनंद झाला. राष्ट्रीय उद्यानात ठरावीक जागांखेरीज गाडीतून उतरण्यास मनाई असल्याने खिडकीत कॅमेऱ्याला टेकू म्हणून बीनबॅग ठेवून, उंचावरूनच छायाचित्रे घ्यावी लागली. पाण्याच्या पातळीवरून मिळणारी जवळीक त्यांत नाही.

खरा फरक पाहायला मिळाला तो कॅलिफोर्नियात, पालो आल्टोच्या बेलँड्स या खाडीकाठच्या पाणथळीत. भाची सोबत होती. पाण्यातला पक्षी पाहताच ती म्हणाली, “मामा, हा तर आपलाच शेकाट्या.” तेच पाय, तीच सुईसारखी चोच, धोका वाटताच तोच तीक्ष्ण, सलग ओरडा. मग तो पक्षी वळला. माथ्यापासून निघालेला काळा रंग डोळ्याला वेढून, मानेच्या मागच्या बाजूने थेट पाठीला जाऊन मिळाला होता, आणि डोळ्याच्या वर एक ठसठशीत पांढरा ठिपका होता. हा अमेरिका खंडांतला काळ्या मानेचा शेकाट्या.

सिडनीच्या ऑलिंपिक पार्कमधील पाणपक्षी आश्रयस्थानात तिसरी जात भेटली. तिचा माथा स्वच्छ पांढरा असतो, मानेवर मागून आयाळीसारखा काळा पट्टा असतो, आणि तो पट्टा व काळी पाठ यांच्यामध्ये पांढरी जागा राहते. पक्षी मान आखडून उभा असेल तर ही पांढरी जागा झाकली जाते. त्यामुळे त्याने मान ताणेपर्यंत थांबणे, एवढेच छायाचित्रकाराच्या हाती असते. त्यासाठी त्याला बिचकवणे मला मुळीच मान्य नाही. आकाशात एखादा शिकारी पक्षी दिसला की शेकाटे आपणहून माना उंचावतात.

घरी येऊन नेरूळची जुनी छायाचित्रे पुन्हा चाळली, तेव्हा आपल्या शेकाट्यांची डोकी किती वेगवेगळी असतात ते नीट जाणवले. काहींचे डोके आणि मान पूर्ण पांढरी, काहींच्या माथ्यावर काजळी सांडल्यासारखी राखाडी छटा, तर काहींच्या मानेवर मागून गडद पट्टा. समोरून घेतलेले, डोळ्यात चमक असलेले छायाचित्र कितीही देखणे असले, तरी जात ओळखायला ते अपुरे पडते. म्हणून आता मी प्रत्येक ठिकाणी एक छायाचित्र बाजूने आणि एक पाठमोरे घेतो. पाठमोऱ्या छायाचित्राला कोणी दाद देत नाही, पण या तिन्ही जाती शेजारी ठेवून अभ्यासायच्या, तर तेच सर्वांत उपयोगाचे असते. काही अभ्यासक या साऱ्यांना एकाच जातीच्या उपजाती मानतात. ही छायाचित्रे शेजारी मांडली की त्यांचे म्हणणेही अगदी समजण्यासारखे वाटते.

पुढचा प्रवास न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर करायचा आहे. तेथे काकी नावाचा संपूर्ण काळा शेकाट्या राहतो. माणसाने आणलेल्या मांजरांनी व मुंगूसवर्गातल्यासारख्या दिसणाऱ्या स्टोट या शिकारी प्राण्यांनी त्याची इतकी हानी केली की 1981 साली जेमतेम 23 पक्षी उरले होते. अंडी उबवून पिल्ले वाढवण्याच्या सरकारी प्रयत्नांमुळे ती संख्या पुढे वाढत गेली. स्वजातीचा जोडीदार न मिळाल्यास काकी सिडनीत भेटलेल्या त्याच पांढऱ्या डोक्याच्या जातीच्या शेकाट्याशी जोडी जमवतो, आणि त्यांच्या संकरित संततीत काळ्या-पांढऱ्याचे सर्व प्रकार दिसतात. शुद्ध काकी कोणता आणि संकरित कोणता, हे तेथील कार्यकर्ते पिसांवरील काळ्या रंगाच्या व्याप्तीवरून ठरवतात.