तोरण, भाग चौथा: खळ, मुंग्या आणि तंगूस

क्रोशाने विणलेलं एक फूल गेले पाच दिवस ताठ आहे. वेंगुर्ल्यात, जुलैच्या पावसात, उघड्या दारावर. मागच्या खेपेला ‘तोरण गेलं खड्ड्यात, आता गुपचूप रुमाल विणते’ असं लिहिलं होतं, ते शब्द मागे घेते.

बेत तोच आहे, दारावर क्रोशाचं तोरण. साडेतीन फुटी दार, नऊ जास्वंदी, दर फुलाला दोन आंब्याची पानं. अठराही पानं केव्हाच तयार आहेत आणि त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पंधरा साखळ्या घालायच्या, एका बाजूने मुका, अर्धा, मग पूर्ण खांब, म्हणजे बुटक्या टाक्यापासून उंच टाक्यापर्यंत, असं फुगवत न्यायचं, परत उतरवायचं, टोकाच्या साखळीत तीन मुके आणि दुसऱ्या बाजूने तसंच खाली. मधली शीर वरून स्लिप स्टिचने. पान लोंबतं तेच छान दिसतं, आंब्याचं पान नाहीतरी लोंबतंच. फुलाचं तसं नाही. जास्वंदीच्या पाकळ्या मागे वळून ताठ राहिल्या तर ती जास्वंद, नाहीतर पाय पुसायचं लाल फडकं.

आता रडगाणं, क्रमाने.

पहिली खळ. तांदळाची पेज गाळून, दाट करून, फूल बुडवून, वाटीवर उपडं घालून पंख्याखाली वाळवलं. काय देखणं झालं होतं! दोन दिवस मी येता-जाता त्यावर टिचकी मारून टकटक आवाज ऐकत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी पाकळ्या खाली. सासूबाई चहाचा कप घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “अगो, खऱ्या जास्वंदीसारखीच मिटली मगे ही.” पाचव्या दिवशी पाकळीच्या कडेला मोहरीएवढे काळे ठिपके. बुरशी.

मी चिडून म्हटलं, तुमच्या पेटीतले रुमाल इतकी वर्षं कसे कडक राहिले? तर म्हणाल्या, “आमी खळ वैशाखात घालू. मिरगाच्या आधी पेटयेत.” म्हणजे पद्धतीत खोट नव्हतीच, मुहूर्त चुकला होता. मेच्या उन्हात खळ घालून लोखंडी पेटीत बंद केलेला रुमाल दिवाळीला बाहेर काढायचा, तो पावसाचं तोंड बघतच नाही. मी मात्र पाऊसभर दारावर टांगायची वस्तू करतेय. कापूस हवेतलं पाणी ओढतो, साध्या पासष्ट टक्के आर्द्रतेलाही स्वतःच्या वजनाच्या आठेक टक्के, आणि खळ त्याहून हावरी. आमच्या ओसरीवरचं आर्द्रतेचं घड्याळ त्या आठवड्यात ९१ दाखवत होतं.

दुसरा साखरेचा पाक. जुन्या लेसवाल्या बायका करायच्या, खरोखर दगडासारखं होतं. पण कोकणात, पावसाळ्यात, दारावर साखर टांगायची हे सुचणाऱ्या बाईला काय म्हणावं? रात्री अकराला टांगलं, पहाटे तोरणाच्या खिळ्यापासून उंबऱ्यापर्यंत तांबड्या मुंग्यांची ओळ. फूल बादलीत, बादली अंगणात.

तिसरा पांढरा गोंद, पाण्यात अर्धा-अर्धा. मुंग्या नाहीत, बुरशी नाही. पण वाळल्यावर सुती दोऱ्याचा जीवच जातो, प्लॅस्टिकच्या फुलासारखी चकाकी येते. आणि दमट हवेत तोही मऊ पडतो. लटकत नाही, पण बोटाला चिकट लागतो आणि त्यावर धूळ बसते. हा उपाय ज्यांना आवडतो त्यांनी खुशाल करावा, ते बहुधा पुण्यात राहत असतील.

चौथी तार. फुलं करायची हिरवी तार पाकळ्यांच्या कडेत विणून घातली. आकार झकास आला. आठ दिवसांत टोकाशी गंज, आणि लाल दोऱ्यावर तपकिरी ओघळ. खाऱ्या वाऱ्यात खिडकीचे गज टिकत नाहीत, तिथे ही तार काय टिकणार.

इथे मी ते ‘खड्ड्यात’ वगैरे लिहिलं होतं.

आता भाऊजींचा प्रवेश. एक जून ते एकतीस जुलै यांत्रिक होड्यांना समुद्र बंद, त्यामुळे हे दोन महिने ते घरीच असतात आणि सगळ्यांच्या कामात लक्ष घालतात. संध्याकाळी खडपात गळ टाकून मासे गरवायला जायचं, तेवढाच उद्योग. मी तार उसवत बसले होते. म्हणाले, “वैनी, तार कित्याक? तंगूस घाला.” आणि गरीच्या पिशवीतून रीळ काढून माझ्या मांडीवर टाकली.

मंडळी, तंगूस, म्हणजे मासे गरवायचा दोरा! गंजत नाही, कुजत नाही, मुंगी लागत नाही, आणि मिठाच्या पाण्यातच त्याचा जन्म गेलेला. आपण ऑनलाइन काय काय मागवतो, आणि ही वस्तू बंदरावरच्या दुकानात जाळ्यांच्या शेजारी टांगलेली असते.

पण लगेच जमलं असं समजू नका. सगळी गंमत इथूनच पुढे आहे.

फूल असं: मॅजिक रिंगमध्ये (ओढून घट्ट होणाऱ्या दोऱ्याच्या फाशात) दहा मुके खांब. पुढच्या फेरीत चार साखळ्या, एक टाका सोडून पुढच्यात मुका, अशा पाच कमानी. प्रत्येक कमानीत एक मुका, एक अर्धा, पाच खांब, एक अर्धा, एक मुका. झाल्या पाच पाकळ्या. (नमुना इंग्रजीत बघून विणणाऱ्यांनी जपा. अमेरिकी ‘सिंगल’ म्हणजे आपला मुका खांब, ब्रिटिश नमुन्यात त्यालाच ‘डबल’ म्हणतात. माझं पहिलं फूल त्या घोळात बशीएवढं झालं होतं.) शेवटची फेरी मुक्या खांबांची, मधल्या तीन खांबांत दोन-दोन, म्हणजे पाकळीला बारा आणि एकूण साठ. ही फेरी घालताना तंगूस टाक्यांच्या डोक्यावर आडवा धरायचा आणि सुई त्याच्या खालून घालून दोरा वर आणायचा. तंगूस मुक्या खांबाच्या पोटात लपतो, बाहेरून दिसतसुद्धा नाही.

०.४० मिमीचा घातला, काही फरक नाही. ०.८० चा घातला तर फूल उलट माझ्यावरच उसळायला लागलं. ०.६० बरोबर बसला. पण तंगुसाला स्वतःची आठवण असते. रिळावर गोल बसलेला, तो गोलच व्हायला बघतो. दोन पाकळ्यांमधली खाच त्याला मान्य नाही. विणून खाली ठेवलं की खाचा सपाट, पाच पाकळ्यांची एक बशी. तीन फुलं विणली, तीन उसवली. दर पाकळीला वेगळा तुकडा घालून बघितला, तर दहा टोकं बाहेर. हात लावला की निवडुंग.

सुचलं ते मोजे धुताना. नायलॉनचे पायमोजे कारखान्यात साच्यावर चढवून वाफेनेच आकाराला आणतात. तंगूसही नायलॉनच. मग जुन्या पोळपाटावर फूल उपडं ठेवलं, खाचांमध्ये पाच स्टीलच्या टाचण्या ठोकल्या, पाकळ्यांखाली लिंबाएवढे फडक्याचे बोळे सारले, आणि उकळत्या पाण्याचे तीन ओगराळे वरून सोडले. मग लगेच माठातलं गार पाणी. टाचण्या काढल्या.

खाच खाच राहिली. पाकळी मागे वळली ती वळलीच. मी ते फूल मुठीत दाबून चुरगळलं आणि सोडलं, ते पुन्हा उमललं. मी सासूबाईंना हाक मारून हे चार वेळा करून दाखवलं. चौथ्या वेळी त्या उठून गेल्या.

आणि वाळायची घाईच संपली, हे मला नंतर लक्षात आलं. ताठपणा आता खळीत नाही, तंगुसात आहे, मग फूल ओलं असो की सुकं, उभंच राहणार. वाळायला तीन दिवस लागले, पण तो वेळ दारावरच गेला.

टोकांचं सांगते. सुरुवात आणि शेवट इंचभर एकमेकांवरून न्यायचे, दोन्ही टाक्यांत लपतात. कापलेलं टोक बोचतं, म्हणून अगरबत्तीच्या निखाऱ्याला अगदी ओझरतं लावायचं, बारीक गोळी होते. मेणबत्ती नको, दोरा काळा पडतो. मी पाडलाय.

गरम पाण्याने एक जुनं दुखणं मात्र उघडं पडलं. लाल दोऱ्याचा रंग गेला. ‘पक्का रंग’ असं लेबल असलेला दोरा, दुकानाचं नाव घेत नाही, पुन्हा त्यांची पायरी चढणार नाही. पोळपाट गुलाबी झाला आणि मधला पिवळा तुरा नारिंगी. कुणी मला मीठ-व्हिनेगर सुचवण्याआधीच सांगते, सुती दोऱ्याच्या सुटणाऱ्या रंगावर त्याचा उपयोग नाही, नुसतं लोणचं होतं. लाल भाग पाणी स्वच्छ येईपर्यंत दोन-तीनदा गरम पाण्यातून काढायचा आणि तुरा सगळ्यात शेवटी शिवायचा, हाच उपाय. तुऱ्याला आठ साखळ्या, वर फ्रेंच नॉटचे (दोरा सुईला गुंडाळून घातलेल्या गाठीचे) पाच ठिपके. हे ठिपके घालताना मला जे सुख होतं ते सांगायला नको.

अ‍ॅक्रिलिक दोरा का नाही, असं मागे दोघींनी विचारलं होतं. ते पाणी कमी ओढतं हे खरं. पण धूळ धरतं, आणि गणपतीत दाराशी आरतीची निरांजनं घेऊन माणसं ये-जा करतात. अ‍ॅक्रिलिक वितळून कातडीला चिकटतं. मी सुतीवरच राहणार. सुईसुद्धा पोनी कंपनीची साधी करडी अ‍ॅल्युमिनियमची, २.५ मिमीची. बांबूची महागडी सुई पावसात माझ्या हाताला जड लागते, दोरा धरून ठेवते, सरकत नाही. ती आता उन्हाळ्यापर्यंत पेटीत, सासूबाईंच्या रुमालांशेजारी.

तर नऊपैकी एक झालं, आठ राहिली. एक फूल तुऱ्यासकट सव्वा तास. हिशोबाने आरामात होतं. पण…

उसवलेल्या तीनपैकी एका फुलात मी चिडून दर टाक्यात दोन-दोन घालत सुटले होते, तंगुसासकट. सहापासून सुरुवात केली तर ६, १२, २४, ४८, ९६, १९२. मुक्या खांबांची चकती सपाट राहायला फेरीला सहाच टाके वाढवायचे असतात, त्याहून जास्त झाले की कडेला जागा पुरत नाही आणि झालर उठते. ते बघून लेक म्हणाली, हे फूल नाही, प्रवाळ आहे. आणि आहेच! डायना तायमिना या गणिताच्या प्राध्यापक बाईंनी १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात नेमक्या अशाच वाढत्या टाक्यांनी हायपरबोलिक पृष्ठ, म्हणजे कडेला झालर उठत जाणारं, विणून विद्यार्थ्यांच्या हातात दिलं होतं. पुढे २००५ पासून मार्गारेट आणि क्रिस्टीन या वर्टहाइम बहिणींनी त्याच युक्तीने प्रवाळांची अख्खी बेटं विणून घेतली. आपल्याकडे तर खरं प्रवाळ सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली आहे, १९८७ पासून ते मालवणचं सागरी अभयारण्य. तिथलं उचलून शोकेसमध्ये ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा. विणलेलं ठेवायला कुणाची ना नाही.

म्हणजे दिवाळीच्या भेटी ठरल्या. मी कमळाचे कोस्टर करणार होते ना, ते रद्द. मुठीएवढी प्रवाळं, केशरी, जांभळी, चुन्याच्या रंगाची, नारळाच्या करवंटीत बसवून. नमुना पाठ करायची गरज नाही, मोजायची गरज नाही, दर टाक्यात दोन. ज्यांनी कालच सुई हातात घेतली त्यांनाही जमेल. फक्त शेवटची १९२ ची फेरी एका बैठकीत होत नाही, टीव्हीवर काहीतरी लांबलचक लावून बसा. आणि त्या फेरीत ०.४० चा तंगूस, फुलात वाया गेलेला तो इथे बरोबर कामाला येतो.

अजून एक सुचलं होतं. माटवीसाठी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधतात त्या चौकटीसाठी, कवंडळं ही केशरी रानफळं हल्ली रानात शोधत फिरावं लागतं, तर केशरी दोऱ्याची विणली तर? सासूबाई आपल्या कामात होत्या, मान वर न करता म्हणाल्या, “माटवीक दोऱ्याचा कवंडळ? गणपती हसतलो.” विषय संपला. माटवीला रानातलं खरंच हवं, त्यांचं बरोबर आहे. पण विणलेलं कवंडळ किल्लीच्या गोफाला छान दिसेल, असं मी मनात ठेवलंय.

दुसरं फूल आत्ता पोळपाटावर टाचण्यांत आहे. याच्या पाकळ्या थोड्या लांब ठेवल्यात, कमानीत पाचऐवजी सात खांब. बहुतेक फसणार, कारण तितक्या खांबांना चार साखळ्यांची कमान पुरत नाही, आत्ताच दाटी झालीय. तसं असेल तर पाच साखळ्यांवर जाईन, म्हणजे पहिलं फूल एकटं वेगळं दिसेल आणि तेही उसवावं लागेल. ते उसवायला हात धजत नाहीये.

एक ऑगस्टला होड्या सुटतात. भाऊजी रीळ मागतील. किती उरलीय ते मी अजून बघितलेलं नाही.