चार महिने उलटा व्यायाम

धाकट्या मुलीच्या बाळंतपणात चिमटा लावावा लागला होता, आणि तेव्हापासून जोराची शिंक आली की लघवीचे दोन थेंब गळायचे. वीस वर्षे मी तिकडे काणाडोळा केला. पाळी थांबल्यानंतर मात्र खोकला, हसू, भरलेली बादली, काहीही निमित्त पुरू लागले. मी गडद साड्याच नेसू लागले, पर्समध्ये जादा परकर ठेवू लागले आणि एसटीचा लांबचा प्रवास असला की सकाळपासून पाणी तोडू लागले. मोठ्या जाऊबाईंना सांगितले, तर त्या म्हणाल्या, "बाईच्या जातीला हे चालायचंच."

स्त्रीरोगतज्ज्ञांनी जंतुसंसर्ग नसल्याची खात्री केली आणि शस्त्रक्रियेचा विचार करण्याआधी फिजिओथेरपी करून पाहायला सांगितले. मी हिरमुसले, कारण मोबाईलवर पाहून केगेल व्यायाम, म्हणजे लघवी रोखून धरणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे व्यायाम, मी चार महिने करतच होते. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी हे व्यायाम १९४८ साली मांडले, तेव्हा स्नायू खरोखर आवळला जातो की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी दाब मोजणारे उपकरणही वापरले होते. ती तपासणी मागे पडून नुसता व्यायामच माझ्यापर्यंत पोचला होता.

फिजिओथेरपिस्ट माझ्या मुलीच्याच वयाची होती. तिने आधी तीन दिवसांची नोंद मागितली: किती प्यायले, कधी आणि किती लघवी झाली, कशाने गळली. त्यासाठी मापाचा एक जुना मग न्हाणीघरात गेला. पाणी तोडल्याने लघवी दाट होऊन मूत्राशयाला उलट टोचत राहते, हे मला तेव्हा कळले. मग माझी परवानगी घेऊन, हातमोजा घालून तिने आतून तपासले आणि आवळायला सांगितले. "काकू, तुम्ही वर ओढत नाही आहात, खाली ढकलताय." म्हणजे चार महिने मी नेमके उलटे करत होते! संकोच केव्हाच गेला होता. राग तेवढा आला.

चारचौघांत वारा अडवतो तसे मागून पुढे हलकेच आवळून वर ओढायचे, मांड्या आणि नितंब सैल ठेवायचे आणि श्वास कोंडायचा नाही, असे तिने शिकवले. पहिल्या दिवशी मला जेमतेम तीन सेकंद धरता आले. घरी दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी आठ-दहा आवळण्या करायच्या होत्या; एक फेरी मी कुकर लावून शिट्ट्या होईपर्यंत उरकत असे. लघवी मध्येच अडवून सराव करायला तिने मना केले, कारण त्याने मूत्राशय नीट रिकामे होत नाही. सहा आठवडे काडीचा फरक पडला नाही, पण निदान तीन महिने तरी नेटाने करायचे, असे तिने आधीच बजावले होते.

चौथ्या महिन्यात ठेचा करताना मिरचीचा ठसका लागला. खोकला येण्याच्या आत आवळून धरायचे, ही युक्ती तोवर अंगवळणी पडली होती. आधी आवळले, मग मनसोक्त खोकले, आणि परकर कोरडा राहिला. भरलेली बादली उचलताना मात्र अजून कधीकधी गळते, म्हणून ती मी अर्धीच भरते.