तळहाताला लागलेला टॅन कसा काढायचा? तुम्ही विचारलंत म्हणून

डिसेंबर उजाडला, शरीरसौष्ठवाच्या स्पर्धा सुरू झाल्या की मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहाराचा नसतो, व्यायामाचाही नसतो. "सर, अंगाचा रंग जाईल तेव्हा जाईल, पण तळहातांचं काय करू? सोमवारी कामावर जायचंय." विचारणारा स्वतः स्पर्धक क्वचितच असतो. बहुतेक वेळा तो स्पर्धकाला टॅन, म्हणजे स्टेजसाठी अंगावर चढवायचा गडद रंग, लावून देणारा असतो: धाकटा भाऊ, जिममधला दोस्त, एखाद्या मुलीची आई. कोणी बँकेत काउंटरवर बसतं, कोणी शाळेत शिकवतं, कोणी हॉटेलात वाढपी आहे. त्यांना हात लपवता येत नाहीत. परळच्या एका व्यायामशाळेत शिकवता शिकवता स्टेजमागे टॅन लावायचं कामही माझ्याकडे आलं, म्हणून सगळे मलाच विचारतात. उत्तर एकदा नीट लिहून ठेवतो.

ज्यांनी स्पर्धा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडंसं. स्टेजवरचे दिवे इतके प्रखर असतात की उघडी कातडी त्यात पांढुरकी दिसते आणि वर्षभर घाम गाळून कमावलेले कट्स, म्हणजे स्नायूंच्या ठळक रेषा, सपाट होऊन जातात. गडद रंगावर सावल्या उठून दिसतात. म्हणून गोरा असो, गव्हाळ असो की मुळातच सावळा, प्रत्येक जण रंग चढवूनच स्टेजवर जातो. हा रंग दोन जातींचा असतो आणि डाग काढण्याआधी आपल्या हाताला कोणता लागलाय हे ओळखायला हवं. एक नुसता वरून चोपडायचा, तेलकट, चमक देणारा. तो कातडीवर बसतो, आत काही करत नाही. भांडी घासायच्या साबणाने आणि गरम पाण्याने निघतो. आयएफबीबी या शरीरसौष्ठवाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत पुसून निघणाऱ्या अशा रंगाला मनाई आहे. त्यामुळे खरा भर दुसऱ्या जातीवर, आदल्या रात्री थरांवर थर देऊन लावतात त्या टॅनवर असतो. तुमचा प्रश्न याच टॅनचा आहे.

त्यात डायहायड्रॉक्सिॲसिटोन, म्हणजे डीएचए, नावाची साखर असते. ती रंग नव्हे, हे आधी लक्षात घ्या. ती बिनरंगी असते. कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात ज्या मेलेल्या पेशी असतात, त्यांच्यातल्या प्रथिनांशी तिची क्रिया होते आणि तपकिरी रंग तिथल्या तिथे तयार होतो. पाव भाजताना वर जो रंग चढतो, तो याच जातीच्या क्रियेतून. फ्रान्सच्या माइयार या शास्त्रज्ञाने 1912 मध्ये ती मांडली, म्हणून तिला त्याचं नाव आहे. माणसाच्या कातडीवर हे होतं, याकडे लक्ष गेलं ते 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या सिनसिनाटीमध्ये. इव्हा विटगेनस्टाइन या संशोधिका आजारी मुलांना डीएचए तोंडावाटे देऊन अभ्यास करत होत्या. मुलांच्या अंगावर औषध सांडलं की तिथे काही तासांनी तपकिरी डाग उमटायचे. त्यांनी ते द्रावण स्वतःच्या कातडीवर लावून खात्री केली. आज स्टेजवर जो रंग दिसतो त्याचं मूळ हे आहे.

आता तळहाताकडे या. तिथली कातडी अंगावरच्या इतर कातडीपेक्षा कितीतरी जाड, मेलेल्या पेशींचा थरही जाड. शिवाय तळहाताला तेलग्रंथी नसतात, म्हणून तो कोरडा. डीएचएला जे हवं ते सगळं तिथे भरपूर. त्यात आपला व्यायाम करणाऱ्याचा हात असेल तर बोटांच्या मुळाशी, जिथे वजनाचा बार बसतो तिथे घट्टे असतात. टॅन लागलेला असा हात उजेडात धरून पाहा: घट्टे चॉकलेटी, हस्तरेषांत गडद दोरे ओढल्यासारखे, मधला खळगा नारिंगी आणि मनगटाशी ग्लोव्हजची कड संपते तिथे एक वळं. तळहात उन्हात कधी काळवंडत नाहीत, म्हणूनच हा रंग समोरच्याला लगेच खटकतो.

आपल्याला हे पटायला सोपं जावं, कारण मेंदी आपण लहानपणापासून पाहतो. मेंदीही कातडीतल्या केराटिन नावाच्या प्रथिनाला धरते, तळहातावरच सगळ्यात छान रंगते, दुसऱ्या दिवशी अधिक गडद होते. ती साबणाने गेली असं कधी कोणी म्हटलंय का? कातडी झिजते तशी ती फिकी होत जाते. टॅनचंही तसंच. म्हणून मी सगळ्यांना पहिल्यांदा हेच सांगतो की हा मळ नाही, रंगलेली कातडी आहे. ती विरघळवायची नाही, मऊ करून हळूहळू उतरवायची.

लागून तासभरही झाला नसेल तर तुमचं नशीब चांगलं. रंग पूर्ण उमटायला वेळ लागतो. लगेच साबणाने, नखांच्या कडा आणि बोटांच्या बेचक्यांसकट धुतलंत तर डाग फारच कमी पडतो. पण स्टेजमागच्या धावपळीत हे कोणाला सुचतं? सकाळी उठल्यावरच हात दिसतो.

मग असं करा. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात दहा मिनिटं बुडवून ठेवा, बोटं सुरकुतेपर्यंत. पुसून खोबरेल तेल चांगलं चोळा आणि वीसेक मिनिटं तसंच राहू द्या. ही पायरी पोरं गाळतात आणि मग काही होत नाही म्हणून फोन करतात. तेल मुरलं की त्यातच चमचाभर साखर घ्या, तळहात ताणून रेषा उघडा आणि रेषेच्या दिशेने चोळा, आडवं नाही. दोन मिनिटं पुरे. मग साबण, गरम पाणी, खरखरीत टॉवेल. घट्ट्यांवर टाचेची वज्री ओल्या हाताने हलकी फिरवा, पण फक्त घट्ट्यांवरच. रात्री युरिया असलेलं क्रीम लावा. फुटलेल्या टाचांसाठी मेडिकलमध्ये मिळतं तेच. युरियाने जाड कातडी मऊ पडते. वर सुती हातमोजे घालून झोपा. हे दिवसातून दोनदा, त्याहून जास्त नको. पहिल्या वेळेला खळग्यातला नारिंगी रंग बराच उतरतो, रेषा आणि घट्टे मागे राहतात, तेही तीन-चार दिवसांत जातात. घरी भांडी घासणाऱ्याचे हात सगळ्यांच्या आधी साफ होतात, हे मी दरवर्षी पाहतो. गरम पाणी, साबण आणि घासणी, तिन्ही एकदम मिळतात.

आता ज्यासाठी मला खरं तर हे लिहायचं होतं ते. थिनर, घासलेट, नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका. रंग कातडीचाच झालेला असतो, तो यात विरघळत नाही. कातडीतली उरलीसुरली स्निग्धता मात्र जाते आणि हात फाटतो. फरशीचं ब्लीच किंवा ॲसिड तर चुकूनही नाही. लिंबू सगळ्यांना आधी आठवतं. फाटलेल्या घट्ट्यांवर ते झोंबतं आणि लिंबाचा रस लागलेल्या हाताने उन्हात गेलात तर फोड येऊन महिनोन्‌महिने न जाणारे काळे डाग पडू शकतात. केस काढायच्या क्रीमने रंग जातो हे खरं, कारण ते केराटिनच तोडतं. पण तळहाताला आधीच चिरा असतील तर ते भाजतं. तुमच्या हाताला बुधवारी परत डेडलिफ्टचा बार धरायचाय. सोललेल्या तळहाताने बार धरता येत नाही आणि चार दिवसांच्या रंगापायी दोन आठवड्यांचा सराव घालवण्यात अर्थ नाही. कोणी बँकेत हात पाहून विचारलं तर सरळ सांगा, भावाला स्पर्धेसाठी तयार केलं. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

पुढच्या वेळी हात वाचवायचे तर नायट्राइलचे ग्लोव्हज घ्या, एकावर एक दोन जोड, आणि मनगटावर कड चिकटपट्टीने बंद करा. आत तळहाताला पेट्रोलियम जेली चोळता येते, पण तिचा ठिपकाही स्पर्धकाच्या अंगाला लागता कामा नये. जिथे लागेल तिथे टॅन धरत नाही आणि पाठीवरचा पांढरा ठिपका दहाव्या रांगेतूनही दिसतो. स्पर्धकाच्या स्वतःच्या हातांना रंग सगळ्यात शेवटी द्या. मूठ वळायला सांगून वरच्या बाजूवर जवळजवळ कोरडा स्पंज फिरवा, बोटांच्या पेरांवर अगदी नावाला, आणि लगेच ओल्या फडक्याने तळहात पुसून घ्या. त्यानंतर रात्रभर त्याला पाणी लागू द्यायचं नाही. बाटलीचं झाकण तुम्ही उघडायचं, भाताचा डबा तुम्ही धरायचा, घास चमच्याने तुम्ही द्यायचा.