बोस्टनला डेंटल स्कूलच्या इंटरव्ह्यूला निघालात? आधी इलेक्ट्रिक हँडपीस हातात धरा

गुरुवारी रात्री डलासला परत आले. उजव्या अंगठ्याचं पेर अजून ठणकतंय. तरीही सगळं ताजं आहे तोवर लिहून काढतेय, कारण ज्या माहितीच्या भरवशावर मी गेले ती अर्धवट होती आणि तीच अजून एकीकडून दुसरीकडे फिरतेय.

हे लिहिलंय ते भारतात बीडीएस (दंतवैद्यकाची पदवी) करून इथे अमेरिकेत आलेल्या आणि इथल्या डेंटल स्कूलला प्रवेश घेऊ पाहणाऱ्यांसाठी. आयएनबीडीई ही इथली दंतवैद्यकाची राष्ट्रीय परीक्षा पास झालात, कॅपिड या परदेशी डेंटिस्टांसाठीच्या पोर्टलवर अर्ज गेला, बोलावणं आलं, इथपर्यंतचं सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरते.

मला ओळखीतल्या तिघींनी सांगितलं होतं, "अगं, बोलणंच जास्त असतं. बेंच टेस्ट नावापुरती." साफ चूक. माझ्या वाट्याला वीस-वीस मिनिटांचे दोन इंटरव्ह्यू आले, आणि त्याआधी बेंच टेस्ट, म्हणजे फँटम हेडसमोर (पेशंटच्या जागी बसवलेल्या कृत्रिम डोक्यासमोर) सलग तीन तास प्रात्यक्षिक. तीन तासांत एक क्राउन प्रेप (क्राउन, म्हणजे कॅप बसवण्यासाठी दात घासून तयार करणं) आणि एक क्लास टू (दोन दातांच्या मधल्या बाजूची पोकळी कोरणं). जाल तिथे वेळापत्रक वेगळं असेल, पण "इंटरव्ह्यू" या शब्दावर जाऊ नका.

तयारीसाठी मी इथल्या एका गृहस्थांकडे दोन दिवसांचा क्लास केला होता. १,४०० डॉलर. टायपोडॉन्टच्या (सरावाच्या कृत्रिम जबड्याच्या) प्रत्येक दाताचे सात डॉलर वेगळे. तोच दात कंपनीकडून थेट मागवला तर निम्म्याहून कमीत पडतो, हे मला नंतर कळलं. पैशाचंही सोडा. त्यांच्याकडे सगळी युनिट्स हवेवर चालणारी, म्हणजे दात कोरायचा हँडपीस हा आपला नेहमीचा एरोटर. मी विचारलं होतं, तिथेही हेच असेल ना? "सगळीकडे हेच असतं," म्हणाले. माझं स्पष्ट मत: असल्या क्लासला पैसे घालू नका. आधी एकच प्रश्न विचारा, इलेक्ट्रिक हँडपीस आहे का? नाही म्हणाले तर तिथूनच परत फिरा.

शाळेनं काही लपवलं नव्हतं. पत्रासोबतच्या कागदात एक ओळ होती: इलेक्ट्रिक मोटर, १:५ कॉन्ट्रा-अँगल (मोटरचा वेग पाचपट करणारा हँडपीसचा पुढचा भाग). मी ती वाचली आणि पुढे गेले, कारण त्या ओळीचा अर्थ मनगटाला कळेपर्यंत डोक्याला कळत नाही.

अर्थ असा. एरोटर मिनिटाला चार लाख फेऱ्यांच्या आसपास फिरतो, पण त्याच्यात जोर नसतो. दाबलात की आवाज खाली येतो, बर (कोरणारं टोक) अडखळतो आणि आपला हात आपोआप सैल होतो. औरंगाबादला शिकताना आणि नंतर क्लिनिकमध्ये, सगळी वर्षं मी कानानं काम करत आले हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. इलेक्ट्रिक दोन लाखांवर फिरतो, म्हणजे निम्म्यावर, पण दाबला तरी थांबत नाही. आवाजही बदलत नाही. वरच्या डाव्या पहिल्या दाढेवर दीड मिलिमीटरची पहिली खोबण घ्यायला गेले, नेहमीसारखा जरा भार दिला, आणि बर लोण्यात गेल्यासारखा आत. प्रोबनं मोजलं तर दोनच्या वर. आरशावर पाण्याचा फवारा, मागच्या बाजूला मोटरचं वजन मनगट खाली ओढतंय, आणि आता त्या खोबणीच्या पातळीला अख्खी दाढ आणायची की तिथेच खड्डा ठेवायचा, हा निर्णय.

हँडपीस खाली ठेवला. दोन मिनिटं नुसती बसले. मग देखरेख करणाऱ्या बाईंना विचारलं, वेग कमी केला तर चालेल का? "हो, का नाही?" मी एक लाखावर आणला आणि भिंतीवर ब्रश फिरवावा तसे हलके, नुसते ओढत हात मारले. उरलेला प्रेप नीट झाला. तो खड्डा मात्र राहिला.

म्हणून सांगते: वेग बदलू देतात का ते सुरुवातीलाच विचारा. क्लास टूमध्ये शेजारचा दात वाचवायला मॅट्रिक्स बँड (धातूची पातळ पट्टी) लावू देतात का, तेही विचारा. शेजारच्या दातावर ओरखडा दिसला तर बाकीच्या सुंदर कामाकडे कोणी बघत नाही. आणि आपला एरोटर भारतातून घेऊन येऊ नका. माझ्या एरोटरची जोडणी दोन भोकांची, तिथली नळी चार भोकांची. पिशवीतून बाहेरही काढला नाही.

दुसरी गोष्ट माझ्या बाबतीत घडली नाही, पण ती डोळ्यांसमोरून हलत नाही. प्रश्नपत्रिकेवर दाताचा नंबर होता १४. आपण बीडीएसला शिकलो ते १४ म्हणजे वरची उजवी पहिली उपदाढ. इथे एक ते बत्तीस मोजतात, इथला १४ म्हणजे आपला २६, वरची डावी पहिली दाढ. माझ्या शेजारची मुलगी चाळीस मिनिटं उपदाढेवर काम करत होती. फार देखणं काम, कडा एकसारख्या. मग तिनं माझ्या टायपोडॉन्टकडे पाहिलं, स्वतःच्या कागदाकडे पाहिलं, आणि तिचे हात थांबले. तिला योग्य दात घ्यायला सांगितलं. वेळ वाढवून मिळाला नाही. तेव्हा कागद हातात पडताच, काही उचलण्याआधी, कोपऱ्यात लिहून काढा: ३ म्हणजे १६, १४ म्हणजे २६, १९ म्हणजे ३६, ३० म्हणजे ४६. हे पाठ असेल तरी लिहा. ताणात जुनंच वर येतं.

इंटरव्ह्यू खरंच सौम्य होते. एच-फोरवर (अवलंबितांच्या व्हिसावर) घरी बसलेली सहा वर्षं मला फार खुपत होती, तर त्यांनी एका प्रश्नात ती संपवली. माफी मागितल्यासारखं बोलू नका, काय केलंत ते सांगा. अडवणारा प्रश्न हा होता: दुसऱ्या डॉक्टरनं बसवलेल्या क्राउनची कड उघडी आहे, पेशंट विचारतो, त्यांनी काम बिघडवलं का? आपल्याकडे "हे कोणी केलंय?" सहज तोंडातून निघून जातं. इथल्या डेंटल असोसिएशनच्या आचारसंहितेत हे सरळ लिहिलंय: पेशंटला आजची स्थिती खरी सांगायची, आधीच्या उपचारावर ताशेरे न ओढता. ती संहिता वाचून जा. मोठी नाही.

राहणं महाग. डॉर्चेस्टरमधल्या लाकडी तीनमजली घरात वरची खोली घेतली, दिसायला ९५ डॉलर, सफाई वगैरे धरून १६८ झाले, आणि लिफ्ट नाही. लोगन विमानतळावरून शहरात यायला सिल्व्हर लाइनची एसएल-वन बस फुकट आहे, टॅक्सी करू नका. मेट्रोचं एका फेरीचं तिकीट २.४० डॉलर. आणि टॅक्सी केलीतच तर "डेंटल स्कूल" एवढंच सांगू नका, शहरात तीन आहेत. पूर्ण पत्ता दाखवा. टायपोडॉन्ट हातातल्या बॅगेत असेल तर सुरक्षा तपासणीला पंधरा मिनिटं जादा धरा, माझी बॅग दोन्ही वेळा उघडली. आदल्या दिवशी चार्ल्स नदीकाठी फिरले, छान वाटलं.

निकाल कधी ते माहीत नाही. मी जिथे शॅडोइंग (शेजारी उभं राहून नुसतं बघून शिकणं) करते त्या डॉक्टरांना येऊन सगळं सांगितलं, तर त्यांनी रविवारी क्लिनिकची किल्लीच हातात दिली. त्यांच्याकडे इलेक्ट्रिक युनिट आहे, इतके दिवस मी त्याच्या शेजारी उभी असायचे. काल दोन दाढा केल्या. पहिलीत परत खोल गेले. दुसरीत दीड मिलिमीटर मिळालं, चारी बाजूंनी.