दोन सुताचा बोल्ट आणि दीड मीटर दोरी

संध्याकाळी ठाण्याच्या तलावपाळीला पाण्यात दिवे पडतात ना, ते मला कित्येक महिने नीट टिपताच येत नव्हते, हात हलायचाच, आणि ट्रायपॉड लावावा तर फिरायला आलेल्या लोकांच्या पायात येतो. मग कॅमेरा स्थिर ठेवायला दोरीवाला जुगाड केला, आता तो कायम बॅगेत असतो.

सामान फार नाही, अर्धा इंच लांबीचा बोल्ट, नट, एक छोटा वायसर, एक मोठा वायसर आणि दोरी. बोल्टचं मात्र नीट ऐका. कॅमेऱ्याच्या तळाला जे भोक असतं ते पाव इंचाचं, एका इंचात 20 आटे. जांभळी नाक्याला हार्डवेअरच्या दुकानात सरळ "काका, दोन सूत द्या" म्हणायचं, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कधीकधी हातात 6 मिमीवाला पडतो, दिसायला सेम, एक-दोन आटे आत जातो पण आणि मग अडकतो. तिथे जोर लावू नका प्लीज. मी लावला होता, जुन्या कॅमेऱ्याचे आटे गेले ते गेलेच, अजून वाईट वाटतं. बरोबर बोल्ट बोटांनीच फिरतो, पाना लागला की समजा चुकीचा आहे.

बोल्टमध्ये छोटा वायसर घाला, दोरीचा फास अडकवा, वरून नट घट्ट करा, बाहेर 4 मिमीच्या आसपास आटे उरले पाहिजेत, जास्त उरले तर आत तळाला टेकतात. दोरीच्या दुसऱ्या टोकाला मोठा वायसर, तो पायाखाली दाबायचा आणि कॅमेरा वर ओढून दोरी ताठ ठेवायची. ताण असला की वरखाली हलणं खूप कमी होतं. दोरी न ताणणारी हवी, नायलॉनची घेतली तर रबरासारखी खेळते आणि सगळा उपयोगच जातो.

50 एमएम लेन्सला हातात धरून मी शटर स्पीड 1/50 सेकंदाच्या खाली नेत नव्हते, दोरीने 1/15 ला पण दिवे स्वच्छ येतात. 2-3 सेकंदांचं एक्स्पोजर मात्र यावर होणार नाही, त्याला खरा ट्रायपॉडच पाहिजे.

फ्लेमिंगोंसाठी नेरूळला जाते तेव्हा दोरी नाही, जुन्या जीन्सचा पाय शिवून त्यात किलोभर राजमा भरलाय, तो कठड्यावर ठेवते आणि लांब लेन्स त्यात रुतवते. तांदूळ भरून पाहिला होता, त्याची पावडर कॅमेऱ्याला लागते, राजमाच बरा.