शिकागोजवळचा गड आणि नाशिकचे बाबा

शिकागोला आई-बाबा राहायला आले की पहिल्या पंधरवड्यात डाउनटाउन, संग्रहालयं आणि अरोराचं बालाजी मंदिर उरकतं. मग प्रश्न पडतो, आता यांना न्यायचं कुठे? इलिनॉय म्हणजे नुसतं पोळपाट. माझे सासरे नाशिकचे. तरुणपणी रामसेज, हरिहर, अंकाई-टंकाई पालथे घातलेले. चढ म्हणून नाही कुठे, याचं त्यांना रोज नवं आश्चर्य वाटायचं. शेवटी मे महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही सगळे स्टार्व्हड रॉक स्टेट पार्कला निघालो.

शिकागोच्या नेपरव्हिल उपनगरातून इंटरस्टेट ८० हा महामार्ग धरला की सव्वा तासात यूटिका गाव येतं. प्रवेशाला पैसे नाहीत, त्यामुळे गर्दी भरपूर. सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर पोहोचलं तरच पार्किंग मिळतं. सासूबाई पहाटे उठून दशम्या, बटाट्याची सुकी भाजी आणि दाण्याची चटणी बांधून तयार होत्या. मुलांना उठवण्यात जो वेळ जायचा तो गेलाच.

पार्कात एकूण १८ घळी आहेत. त्यातली फ्रेंच कॅन्यन सगळ्यात जवळची, म्हणून ज्येष्ठ मंडळींसाठी तीच धरली. ओढ्याच्या अरुंद चरातून, भिंतीला हात टेकत आत शिरायचं, की समोर कड्यावरून पाणी पडतंय. हे पाणी वसंतात किंवा मोठ्या पावसानंतरच दिसतं. ऑगस्टमध्ये आलात तर ओल्या भिंती बघून परत जाल, आणि जानेवारीत त्याचाच बर्फाचा खांब झालेला असतो.

बाबांचं लक्ष मात्र धबधब्यापेक्षा भिंतीकडे. हात फिरवला तर तळव्याला वाळूचे कण लागले. "हा कसला कातळ? याच्यात टाकं खोदलं तर पाणी ठरेल का?" त्यांची शंका रास्त होती. आपला सह्याद्री लाव्हाचा, काळा आणि टणक. इथला वालुकाश्म म्हणजे ४० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी उथळ समुद्रात साठलेली वाळू. हिमयुगाच्या अखेरीस वितळलेल्या पाण्याच्या लोंढ्यांनी इलिनॉय नदीचं खोरं खोदलं आणि नदीला मिळणाऱ्या ओढ्यांनी या घळी कोरल्या. शेजारच्या ओटावा गावात याच दगडाची वाळू काचेसाठी खणून काढतात, इतकी ती स्वच्छ.

मग मुख्य खडक. नदीपासून उंची १२५ फूट. वर जायला लाकडी जिने आणि माथ्यावर लाकडी फळ्यांची वाट. मातीवर पाय ठेवायचा नाही. बाबांनी जिन्याला नाक मुरडलं, पण गुडघ्यांनी त्याचे आभार मानले असणार. माथ्यावर फ्रेंच प्रवासी ला साल आणि त्याचा साथीदार टॉन्टी यांनी १६८२-८३ च्या हिवाळ्यात फोर्ट सेंट लुई नावाचा किल्ला बांधला होता. आज त्यातलं काहीही दिसत नाही.

"१६८२?" बाबा एकदम थांबले. "अरे, त्याच साली रामसेजला औरंगजेबाच्या फौजेचा वेढा पडला. आणि गड काही वर्षं झुंजला!" मग नातवाला तिथेच, नदीकडे पाठ करून, रामसेजची अख्खी कथा ऐकावी लागली.

या खडकाच्या नावामागेही (स्टार्व्हड म्हणजे उपाशी) वेढ्याचीच गोष्ट आहे. १७६९ मध्ये पॉन्टिअ‍ॅक या ओटावा जमातीच्या सरदाराचा खून झाला. त्याचा सूड घ्यायला ओटावा आणि पोटावाटोमी लोकांनी इलिनॉय जमातीला या माथ्यावर कोंडलं. वरून दोराने भांडी सोडून नदीतलं पाणी घ्यावं, तर खालच्यांनी दोर कापले, आणि वरची माणसं उपासमारीने मेली, अशी ही दंतकथा. बाबांना ती पटेना. "वर पाण्याचा थेंब नाही. अशा जागी लढायला कोण चढेल?" इतिहासकारांनाही ती पटत नाही, कारण त्या काळची एकही विश्वासार्ह नोंद सापडलेली नाही.

मला खटकतं ते वेगळंच. या गोष्टीत ती जमात संपून जाते. प्रत्यक्षात त्यांचे वंशज, पिओरिया जमातीचे लोक, आज ओक्लाहोमात आहेत. आणि समोरच्या तीरावर कास्कास्किया हे त्यांचं मोठं गाव होतं. १६७३ मध्ये मार्केट (Marquette) आणि जोलिएट हे फ्रेंच प्रवासी तिथे येऊन गेले. त्या नांदत्या गावापेक्षा उपाशी मरणाऱ्यांची गोष्ट लोकांना जास्त आवडते, त्याला काय करणार!

माथ्यावरून नदीवरचं धरण आणि धान्य वाहणारे पडाव दिसतात. हिवाळ्यात या धरणापाशी पाणी गोठत नाही, म्हणून मासे पकडायला बाल्ड ईगल जातीचे गरुड जमतात. धाकटीला ते आत्ताच बघायचे होते. मे महिन्यात कुठून आणणार?

जेवण खालच्या गवतावर. शेजारच्या मेक्सिकन कुटुंबाच्या शेगडीवर मक्याची कणसं भाजत होती. सासूबाईंनी दशम्या दिल्या, तिकडून कणसं आली. लिंबू-तिखट लावलेली! त्या अजून त्या कणसांबद्दल बोलतात.

परतीच्या वाटेवर बाबा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "हे छान होतं. पण खरा डोंगर कुठे आहे तुमच्याकडे?"

"स्मोकी माउंटन्स, टेनेसीत," नवरा म्हणाला. "गाडीने नऊ-दहा तास लागतील, बाबा."

"मग पुढच्या शनिवारी पहाटे चारला निघू."

मागून सासूबाई म्हणाल्या, "दशम्या मी करणार नाही. सांगून ठेवते."