पारसिकचा कातळ आणि ऐरोलीचा चिखल

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी सात वाजता मी बेलापूर स्थानकावर उतरलो आणि पारसिकच्या टेकडीचा रस्ता धरला. रस्त्यासाठी जिथे डोंगर कापला आहे, तिथे काळ्या कातळाची उभी भिंत उघडी पडली आहे. जवळून पाहिले की त्यात वाटाण्याएवढी, क्वचित लिंबाएवढी भोके दिसतात, आणि काहींमध्ये पांढरे स्फटिक साचलेले असतात. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये भेगांतून लाव्हा वाहिला, तेव्हा तो थिजता थिजता वायूचे जे बुडबुडे आत अडकले, त्यांच्या या जागा. ज्या वायूला वाट मिळाली तो हवेत गेला, आणि त्यात पृथ्वीला तापवणारा कार्बन डायऑक्साइडही होता. आज उरलेला हा कातळच सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. त्यातल्या एका भोकात बोट घालून मी बराच वेळ उभा होतो.

दख्खनच्या उद्रेकांच्या काळात समुद्र काही अंशांनी तापून पुन्हा निवल्याच्या खुणा सागरतळाच्या गाळात मिळाल्या आहेत. डायनासोरांचा अंत मात्र बहुतेक अभ्यासक मेक्सिकोत आदळलेल्या अशनीच्या माथी मारतात, त्यामुळे आपल्या कातळाचा वाटा किती, हा वाद चालू आहे. सायबेरियाच्या कातळाबद्दल असा वाद फारसा उरलेला नाही. 25 कोटी 20 लाख वर्षांपूर्वी तिथे असाच लाव्हा वाहिला, वाटेतले कोळशाचे आणि क्षारांचे थर त्याने भाजून काढले, त्यांतून सुटलेल्या कार्बन डायऑक्साइडने उष्ण कटिबंधातला समुद्र सुमारे 10 अंशांनी तापला, आणि समुद्रातल्या दर दहा प्रजातींपैकी आठ-नऊ नाहीशा झाल्या. त्याआधीची सुमारे 27 कोटी वर्षे टिकलेले ट्रायलोबाइट हे समुद्रातले कवचधारी जीव तेव्हाच संपले.

पाणी तापल्याने एवढा संहार कसा होतो, हे मला खऱ्या अर्थाने कळले ते दुपारी, ऐरोलीच्या खाडीकाठी. ठाण्याच्या गाडीने तिथे पोहोचलो तेव्हा ओहोटी होती, म्हणून रोहित पक्षी दाखवणारी बोट सुटायला वेळ होता. तिवरांच्या मुळांपाशी काळा चिखल उघडा पडला होता आणि त्याला सडक्या अंड्यांसारखा वास येत होता. जवळ जाळे नीट करत बसलेल्या कोळी मामांना मी त्याबद्दल विचारले. ते म्हणाले, "वरचा चिखल बरा असतो, आत पाय रुतला की हा वास सुटतो. निवटी बघा, ती वर हवेत येते म्हणून जगते."

मामांनी नेमके सांगितले होते. त्या चिखलात बोटभर खाली प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून तिथले जीवाणू पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. खाडीत हे रोजचेच आहे, त्यात रोग नाही. सायबेरियाच्या उद्रेकांनंतर मात्र समुद्राचे मोठे भाग असे झाले. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. त्यातच वरचे पाणी तापून हलके झाले की ते खालच्या गार पाण्यात मिसळत नाही आणि तळाला ताजा प्राणवायू पोहोचेनासा होतो. दुसरीकडे, उष्ण पाण्यात माशाचे शरीर अधिक वेगाने चालते, म्हणजे त्याला प्राणवायू जास्त लागतो. गरज वाढली आणि पुरवठा घटला. निवटी, म्हणजे चिखलावर सरपटणारी ती छोटी मासळी, ओल्या त्वचेतून श्वास घेते; खोल पाण्यातल्या शिंपल्याला हवेत येण्याची सोय नाही.

शिंपल्याचे दुखणे आणखी एक. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून पाणी आम्लधर्मी होते आणि चुन्याचे कवच घडवणे अवघड जाते. 5 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी उत्तर अटलांटिकच्या ज्वालामुखींच्या काळात पृथ्वी 5 ते 6 अंशांनी तापली, तेव्हाचा खोल समुद्राचा गाळ मला सर्वांत बोलका वाटतो: खडूसारखा पांढरा थर एकाएकी संपतो आणि वर तांबडी माती लागते, कारण चुना विरघळून गेला. तळावर राहणाऱ्या फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म जीवांच्या 30 ते 50 टक्के प्रजाती त्या वेळी गेल्या.

साडेतीनला बोट सुटली. भरतीच्या पाण्याने काळा चिखल झाकला गेला होता आणि मागे पारसिकची रांग दिसत होती. पावसाळ्यात त्या रांगेवरून उतरणारे पाणी कातळ झिजवते, त्यातला कॅल्शियम समुद्रात नेते आणि हवेतला कार्बन त्याच्यासोबत चुन्यात बांधला जातो. 5 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या त्या तापलेल्या पृथ्वीला निववले ते मुख्यतः याच झिजेने, आणि त्याला एक ते दोन लाख वर्षे लागली.